वाटं लावलं

“बायको रडली की पिक्चर पडतो,” इंद्रजीत म्हणाला. कोंबडीचे हाड कागदी ताटलीच्या काठावर ठेवून त्याच बोटांनी त्याने भिंतीवरचे एक कार्ड उपटले. “मागच्या वेळी आपण तेच केलं. शेवटी तिला रडवलं. लोक उठून गेले.”

क्रांती चौकातल्या हॉटेलची तिसऱ्या मजल्यावरची ती खोली आठवडाभर त्यांच्या ताब्यात होती. भिंतीवर कार्डेच कार्डे. पिवळ्यावर नवरा, निळ्यावर पोलीस, गुलाबीवर बायको. मुंबईहून आलेली निर्माती सोनिया पलंगावर मांडी घालून बसली होती आणि हिमांशू खिडकीपाशी, खुर्चीच्या टोकावर. त्याचे काम भाषेचे. हिंदी पटकथेतल्या गावच्या माणसांच्या बोलण्याला मराठवाड्याचा वास यावा, एवढ्यासाठी त्याला बोलावले होते. उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आईसोबत राहून तो गेली कित्येक वर्षे इकडचे शब्द तिकडे नेत आला होता. खतांच्या पोत्यांवरचे, औषधांच्या वेष्टनांवरचे, मालिकांच्या तळाशी पळणारे. त्यांतल्या एकाही शब्दाखाली त्याचे नाव नसे, आणि तेच त्याला बरे वाटे.

“बीसवें मिनट में लाश,” सोनिया बोटांवर मोजत म्हणाली. “आख़िरी दस मिनट में पता चले कि बीवी ने मारा. बीच में क्या?”

“शक.”

“शक से टिकट नहीं बिकता, इंदर. बीच में बिस्तर.”

दोघेही हसले. हसणे ओशट होते. खोलीतल्या थंड झालेल्या रश्श्यासारखे त्यावर तवंग आला होता.

इंद्रजीत हिमांशूकडे वळला. “काय रे, तू गप्पच. तू पण बघतोस ना असले पिक्चर? कशानं पडतात, सांग की.”

हिमांशूची नजर इंद्रजीतच्या हातातल्या गुलाबी कार्डावर होती. ‘पत्नी’ या शब्दावर तेलाचा अंगठा उमटला होता. “मला नाही कळत त्यातलं,” तो म्हणाला.

“मग ही लाइन ऐक. पोलीस विचारतो, आख़िरी बार किसने देखा? ती सरळ कॅमेऱ्यात बघते. डोळ्यांत टिपूस नाही. ‘मैंने ही उसे रास्ते से हटाया.’ बस्स. ट्रेलर तिथंच संपतो.” इंद्रजीतने आवाज खाली आणला. “आणि ही मी लिहिलेली नाही बरं का. बारा वर्षांपूर्वीची खरी केस आहे, आपल्या सिल्लोडकडची. पेपरात मथळाच होता.”

त्याने मोबाइल पुढे धरला. पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो. ठळक अक्षरांतले ते वाक्य हिमांशूने ओळखले. आपलेच हस्ताक्षर एखाद्या परक्या भिंतीवर दिसावे तसे.

“साली काय बाई असेल,” इंद्रजीत म्हणाला.

“उसका साइन चाहिए,” सोनियाने संमतीचा एक छापील कागद हिमांशूपुढे सरकवला. “चिकलठाणा में किसी फ़ैक्टरी की कैंटीन में खाना बनाती है. आप ले आइए. आप शरीफ़ लगते हैं, आपको मना नहीं करेगी.”

कागद घेऊन तो जिना उतरला.

चोवीस वर्षांचा असताना तो आता बंद पडलेल्या एका हिंदी दैनिकात अनुवादक होता. गावोगावचे बातमीदार फोनवरून मराठीत सांगत आणि तो हिंदीत उतरवी. त्या दिवशी बातमीदार वाऱ्यात उभा राहून ओरडत होता. सर्जेराव नावाचा शेतकरी भल्या पहाटे मोटारसायकलवर घराबाहेर पडला. तिसऱ्या दिवशी पुलाखालच्या पाण्यात सापडला. बायको मनकर्णाबाई आणि सर्जेरावाचा चुलतभाऊ सखाराम यांच्यावर संशय. बाई म्हणते, म्याच त्यायला भाकर बांधून वाटं लावलं.

हिमांशू शहरात वाढलेला. शाळेत, कट्ट्यावर, वाट लावणे म्हणजे मातेरे करणे, एवढेच त्याने ऐकलेले. त्याने क्षणभरही लेखणी थांबवली नाही. भाकर गाळली, कारण मथळ्यात मावत नव्हती. ‘त्यायला’मधला आदर गाळला, खुनी बाई कशाला आदराने बोलेल? संपादकांनी पाठ थोपटली. ती शाबासकी त्याने कितीतरी दिवस उबेसारखी अंगाशी धरून ठेवली होती.

आठ महिन्यांनी दोघेही निर्दोष सुटले. कठडा तुटलेल्या पुलावरून गाडी घसरली होती, एवढेच सिद्ध झाले. ती बातमी चार ओळींची होती, तीही त्यानेच उतरवली. आणि ती उतरवताना त्याला काहीही आठवले नव्हते. पुढे कधीतरी एका लोककथेचे भाषांतर करताना ‘लेकीला वाटे लावले’, म्हणजे निरोप देऊन धाडले, असे आले. तो अर्थापाशी अडखळला, थबकला, मग त्याने पान उलटले. पान उलटल्याचा तो आवाज आज जालना रोडवर, रिक्षात, त्याच्या कानात भरून राहिला.

मनकर्णाबाई कँटीनच्या मागच्या दाराशी पातेले उपडे घालत होती. पन्नाशीजवळची, काटक, पदर कमरेला खोचलेला. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

“ह्ये काय हाय, साहेब? परत कोर्टाचं?”

“नाही मावशी. सिनेमा काढतायत. तुमच्यावर.”

“माझ्यावर?” ती हसली. “मी काय हेमा का रेखा? वांगी चिरायचा पिक्चर काढत्यात का?”

त्याने काय काढणार ते सांगितले. शेवटी ते वाक्य हिंदीत म्हटले आणि त्याचा अर्थही सांगितला. तिचे हसू ओसरले. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

“हे मी कवाच म्हणलं नाय. पोलिसायनं लिव्हलं आसंल.”

“पोलिसांनी नाही. मी लिहिलं. पेपरात होतो तेव्हा. तुम्ही वाटं लावलं म्हणालात, मला वाटलं वाट लावली.”

आत कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी तिला हाक मारली. तिने ओ दिली नाही.

“कुठले तुमी?”

“उस्मानपुऱ्याचा.”

“आई हाय घरी? गावाला निघाले म्हंजी दारापोतर येती का नाय?”

“येते. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते.”

“मग? म्या तेवढंच केलं हुतं. भाकर बांधून दिली, रस्त्यापोतर गेले, मोटारसायकलचा दिवा दिसंपोतर उभी ऱ्हायले. लई गार हुतं त्या दिशी.” तिने पदर कमरेला पुन्हा खोचला. “पोलिसानं इचारलं, शेवटी कुणी पाह्यलं. मला वाटलं, हे सांगितल्यानं माझंच बरं हुईल.”

हिमांशूला क्षमा मागायची होती. पण तो शब्द ओठांशी आला तसा त्याला स्वतःच्याच गुळगुळीतपणाची किळस आली.

“सासऱ्यानं त्या पेपराची घडी खिशात घेऊन बारा वर्सं काढली. मला दारात उभं केलं नाय. कोर्ट सोडतं, गाव सोडत नाय,” ती म्हणाली. “आवंदा पयल्यांदा दिरानं फोन केला. सुदर्शननं. आबा म्हातारं झालंय, म्हणला, भाऊच्या पितराला ये, सैपाक तुझ्या हातचा हुऊ दे. येत्या अष्टमीला. आन आता तुमचा पिक्चर.”

“मी त्यांना थांबवायला सांगतो.”

“ते थांबनार का?”

“नाही थांबणार,” तो म्हणाला.

“मग सिनेमावाल्याचं तुमचं तुमी बघा. आबाला मातर येऊन सांगा. म्या सांगून ते आईकत नाय. लिव्हनाऱ्यानं सांगितलं तर कदाचित आईकतील.” तिने कागद त्याच्या हातात परत दिला आणि पातेले उचलून आत गेली.

हॉटेलच्या खोलीत त्या संध्याकाळी भिंतीवरची कार्डे वाढली होती. हिमांशूने कोरा फॉर्म टेबलावर ठेवला आणि अनुवाद चुकल्याचे सांगितले. इंद्रजीतने ऐकून घेतले, पाणी प्यायला, मग म्हणाला, “तुझी चूक म्हणजे आमचं नशीब. अरे, त्या वाक्याशिवाय काय उरतं? एका बाईनं नवऱ्याला डबा दिला. ते कोण बघणार?”

“तुम्ही दुपारी विचारलं होतं, कशानं पडतात,” हिमांशू म्हणाला. “नवरा घरातून निघताना बायको त्याच्यासाठी काय करते, हे तुमच्या एकाही कार्डावर नाही. विश्वासच दाखवला नाही, तर घात कशाचा झाला ते लोकांना कसं कळणार? म्हणून पडतात. आणि चालतात ते का चालतात, तेही मला आज कळलं. मी ज्या घाईनं ते वाक्य लिहिलं ना, त्याच घाईनं लोक ते ऐकतात.”

“भाषण छान आहे. नाव बदलतो बाईचं, गाव बदलतो. सहीची गरजच नाही मग. लाइन राहणार.”

“माझं नाव नको त्यात.”

“तुझं नाव होतंच कुठं?”

सोनियाने मोबाइलमधून डोके वर केले. “दूसरा लैंग्वेज वाला देख लो,” ती म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

अष्टमीला सकाळी सिल्लोडच्या बसमध्ये तो मनकर्णाबाईच्या शेजारी बसला होता. तिच्या मांडीवर मसाल्यांची पुरचुंडी. तो एकसारखा सांगायची वाक्ये मनात जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य त्याला नटलेले, खोटे वाटत होते.

तिच्या सासऱ्यांच्या, सांडूआबांच्या ओसरीवर भाऊबंद जमले होते. मनकर्णाबाई दाराबाहेर, पायरीच्या खाली थांबली. कुणी ये म्हणाले नाही, कुणी जा म्हणाले नाही. खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून हिमांशूकडे पाहिले.

“हे कोण?”

“पेपरवालं हाय, आबा,” सुदर्शन म्हणाला. “वैनीच्या केसचं कायतरी सांगायचंय म्हणत्यात.”

हिमांशूने खिशातून टाइप केलेला कागद काढला. सगळे नीट मांडले होते, खाली सही होती.

“लिव्हल्यालं नगं,” म्हातारा म्हणाला. “लिव्हल्यानंच झालंय समदं. तोंडानं सांग.”

पंधरावीस माणसे त्याच्याकडे पाहत होती. चार माणसांत बोलायची वेळ आली की पाणी प्यायला उठून जाणारा तो. आज उठायला जागा नव्हती. त्याने सांगितले. कुणी फोन केला, आपण काय ऐकले, काय लिहिले, भाकर का गाळली. सिनेमा येणार आहे, हेही सांगितले. “त्यात ते वाक्य असेल. ते ह्यांचं नाही. माझं आहे.”

कुणी खोकले. एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागून काही बोलला आणि हसला.

“शिकल्यालं पोरगं,” आबा सावकाश म्हणाले, “आन वाटं लावणं ठाऊक नाय.” त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडी काढली. कागद एवढा झिजला होता की घड्यांच्या जागी कापडासारखा मऊ झाला होता. “वाच. त्यातलं तुझं कोनतं, ते दाव.”

हिमांशूने बोट ठेवले. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते. तरी त्याने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिले.

“मला वाचून दावलं तवा हिंदीतच वाचलं,” म्हातारा म्हणाला. “म्या तिला एक डाव तरी इचारायचं हुतं, तू काय म्हणलीस म्हून. इचारलं नाय.” त्याने कागद सुदर्शनकडे दिला आणि पायरीकडे न पाहताच म्हणाला, “ऊन हाय भाईर. सैपाकाला उशीर हुईल.”

मनकर्णाबाई चप्पल काढून आत आली. हिमांशूच्या जवळून जाताना ती थांबली नाही, तिने मान वळवली नाही. त्याला ते योग्यच वाटले. ती सासऱ्यांपुढे वाकली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतल्या अंधारात शिरली.

ओसरीवर कुणीतरी पावसाचा विषय काढला. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. एक झाकण उघडले, बंद झाले, मग दुसरे, मग तिसरे. फळीवरून काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि सगळे शांत झाले.

“मीठ कुठं ठिवता आता?” तिने आतून विचारले.

सुदर्शन उठला आणि दाखवायला आत गेला.