मुंगळ्याची गोगलगाय

बालवाडीच्या बाईंना शनिवारपर्यंत चार खेळ निवडायचे होते. काम सोपवताना मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "पालकांचं म्हणणं, मुलं नुसते ठोकळे रचतात. पटावरचे, काहीतरी शिकवणारे खेळ आणा. तुमचा बावीस वर्षांचा अनुभव आहे, मी त्यात नाक खुपसत नाही."

खेळण्यांच्या दुकानातल्या काकांनी शिडीवर चढून खोकी खाली काढली. प्रत्येक झाकणावर बुद्धी वाढवण्याची हमी होती. "यावर लिहिलंय, तीस दिवसांत फरक दिसेल," काका धूळ पुसत म्हणाले. "मी बारा वर्षं विकतोय बाई. आमच्या हिला काही अजून फरक दिसलेला नाही."

बाई हसल्या, पण झाकणांवर त्यांचा विश्वास नव्हताच. सोंगटी नाकात जाईल का, हे त्या आधी पाहायच्या, कारण एकदा गेली होती. नियमांची चार पानं पाहिली की खोकं बाजूला. डाव दहा मिनिटांत आटपायला हवा. पाच वर्षांच्या जिवाला धीर तेवढाच. असं करत त्यांनी सहा खेळ उचलले. "दोन-तीन दिवस मुलांना खेळू दे. मुलं सांगतील कुठले ठेवायचे."

त्यातला एक बाईंना बघताक्षणी आवडला. पटावर रंगीत चौकोनांची वळणावळणाची वाट, लाकडी गोगलगाई आणि फाशावर ठिपक्यांऐवजी रंग. जो रंग पडेल, त्या रंगाच्या पुढच्या चौकोनावर गोगलगाय न्यायची. वाचता येण्याची गरज नाही, मोजता येण्याची नाही. यात कुणीही मागे पडणार नाही, असं त्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी चौघांना घेऊन त्या जमिनीवर बसल्या. त्यांत मुंगळा होता. एखादी गोष्ट धरली की सोडायचा नाही, म्हणून सगळा वर्ग त्याला मुंगळा म्हणे. त्याने फासा टाकला. हिरवा पडला. मुंगळ्याने गोगलगाय उचलली आणि दुसऱ्या एका गोगलगाईखाली झाकलेला जवळचा हिरवा चौकोन ओलांडून पार पुढच्या लाल चौकोनावर नेऊन ठेवली.

"ए, लबाड!" चिमणी ओरडली. वर्गातली सगळ्यांत लहान, पण आवाज सगळ्यांत मोठा.

"नीट बघून खेळ रे," बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला पुन्हा घोळ. मग पुन्हा. चिमणीने न्याय करून टाकला, "बाई, त्याला लिंबूटिंबू करू या. खेळू दे, पण त्याचं मोजायचं नाही."

"मी लिंबूटिंबू नाही!"

गलका वाढला. बाईंचा आवाजही चढला. "खोटं खेळायचं असेल तर उठ इथून."

"मी खरं खेळतोय," मुंगळा म्हणाला. आणि उठला. चपलांच्या फळीपाशी भिंतीकडे तोंड करून बसला, तो घरी जाईपर्यंत कुणाशी बोलला नाही.

दुपारी मुलं गेल्यावर बाई पट आवरायला बसल्या. आवरता आवरता त्यांचा हात थांबला. एकदा मुंगळ्याला लाल पडला होता. लाल चौकोन चांगला पाच घरं पुढे होता आणि हा अलीकडच्याच हिरव्यावर थांबला होता. लबाडी करणारं मूल स्वतःचंच नुकसान कशाला करून घेईल? आणि पिवळ्या-निळ्याला तो एकदाही चुकला नव्हता. बाईंनी कपाटातून त्याचं प्रगतिपत्रक काढलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : रंगांची ओळख कच्ची, लक्ष देत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला एकट्याला बोलावलं. समोर दोन गोगलगाई ठेवल्या, एक लाल, एक हिरवी. "यातली लाल कुठली रे?"

मुंगळ्याने गोगलगाईंकडे पाहिलंच नाही. तो बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत एकीकडे हात नेऊ लागला, मग दुसरीकडे. चेहऱ्यावरून काही कळतंय का, ते बघत होता.

"मग चित्रात लाल रंग कसा भरतोस?"

"लाल खडूचा कागद फाटलाय ना," तो म्हणाला. जणू सगळे असेच ओळखतात.

बाईंनी त्याच्या आईला निरोप धाडला, संध्याकाळी भेटून जा.

संध्याकाळी त्याची आई आली, छपाईच्या कारखान्यातून तशीच, बोटांना शाई लागलेली. बाईंनी जपून सगळं सांगितलं. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझे वडील शिंपी होते. दोऱ्याच्या प्रत्येक रिळाला रंगाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असायची. आम्ही त्यांना चिडवायचो, बाबांना टापटिपीचं वेड आहे म्हणून. शेवटपर्यंत बोलले नाहीत हो." आणि तिने शाईच्याच हातांनी डोळे पुसले.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. लाल-हिरव्यातला फरक त्याला दिसत नाही. औषध नाही, पण घाबरण्यासारखंही काही नाही. आजूबाजूच्यांना माहीत असलं म्हणजे झालं.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला बाई दारात हजर. "काका, नुसत्या रंगावर चालणारे खेळ नकोत. रंगासोबत खूण हवी. चांदणी, पान, मासा, काहीही."

"असं आजवर कुणी विचारलं नाही," काका म्हणाले. दोघं जमिनीवर बसून तासभर खोकी उघडत राहिले. मधेच बाईंना फार पूर्वीची एक मुलगी आठवली. ती दर वेळी शेजारणीच्या वहीत बघून रंग भरायची आणि दर वेळी बोलणी खायची. आता कुठे असेल कोण जाणे. तिचं कारण हेच होतं की दुसरंच काही, हेही आता कळणार नव्हतं. आपण तेव्हा तिला विचारलं नव्हतं, एवढं मात्र त्यांना पक्कं आठवलं.

तीन खेळ खुणांचे मिळाले. चौथा त्यांनी गोगलगाईचाच ठेवला आणि सोमवारी मुलांनाच कामाला लावलं. लाल चौकोनावर फुली, हिरव्यावर टिंब, फाशावरही तसंच. चिमणीने कुठला चौकोन कुठल्या रंगाचा ते सांगायचं आणि मुंगळ्याने काळ्या पेनाने खूण करायची.

त्याआधी बाई सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, "बुधवारी मी म्हणाले, तू खोटं खेळतोस. तू खरं खेळत होतास. चुकलं माझं."

मुंगळ्याने पेनाचं टोपण काढलं. "मी सांगितलं होतं ना."

"हो. सांगितलं होतंस."

"मग पहिला फासा माझा."

पहिला फासा त्याचाच झाला. डावात मात्र चिमणी जिंकली. मुंगळ्याने रागाने गोगलगाय भिरकावली, ती थेट कपाटाखाली गेली.

"ती काढून आण आधी," बाई कडक आवाजात म्हणाल्या. तो पालथा पडून कपाटाखाली हात घालत होता, तेव्हा त्यांनी टेबलावरचं प्रगतिपत्रक पुढे ओढलं. जुनी ओळ खोडली आणि नवी काय लिहावी, याचा विचार करत बसल्या.