नायट्रोजनची पेटी

लाखनीजवळ हायवेला लागून मोबाइलच्या पडद्यांसाठी फिल्म बनवायचा कारखाना होता. तृप्ती तिथली शिफ्ट सांभाळायची. प्लॅस्टिकच्या लांबच लांब पट्ट्यावर लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर बसायचा, भट्टीत सुकायचा आणि मग एका मोठ्या पेटीत यूव्ही दिव्यांखाली क्षणात कडक व्हायचा. हवा लागली तर थर चिकटच राहतो, म्हणून पेटीत नायट्रोजन भरलेला असे. त्याला ना वास, ना रंग. आत गेलेल्याला कळतही नाही की श्वासात प्राणवायू नाही.

त्या दुपारी फिल्म तुटली आणि पेटीतल्या रोलरला गुंडाळली गेली. दिवे बंद केले, पण नायट्रोजन चालूच होता. पुन्हा भरण्यात वेळ जातो, म्हणून तो बंद करायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. तृप्ती हवा तपासायचं मीटर आणायला वळली, तेवढ्यात कारध्याचा कामगार लिलाधर अडकलेली फिल्म सोडवायला दार उघडून आत शिरला. ती परतली तेव्हा तो रोलरवर पालथा पडला होता.

तिनं साहेबांचा हुकूम बाजूला ठेवून वायू बंद केला आणि हवेच्या सिलिंडरच्या मास्कसाठी माणूस पिटाळला. तोवर तिथंच कामाला असलेला लिलाधरचा धाकटा भाऊ मनिष धावत आला.

"ताई, सरका. मी दम धरून जातो. डोहातून माणसं काढली आम्ही."

"त्याले ओढताना श्वास सुटन तुहा. तू बी पडशीन. मास्क येऊन राहिला."

"माहा भाऊ मरून राहिला तिथं."

तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. आणखी दोघांनी त्याला धरलं. मास्क गोदामात कुलपाआड होता. तो येईस्तोवर लिलाधर गेला.

साहेबांनी चूक लिलाधरवर ढकलली. तृप्तीनं पोलिसांना खरं ते सांगितलं आणि तिची नोकरी गेली.

तेरवी झाल्यावर ती कारध्याला गेली. त्या दोघांच्या आईनं, रेवताबाईनं, तिला पाणी दिलं.

"खरं सांग बाई. मनिष आत गेला असता, तं लिलाधर वाचला असता का?"

"माहीत नाही, मावशी."

"एक तरी ठेवला तू मले," रेवताबाई हळूच म्हणाली. "पण तो माह्याशी बोलत नाही. जेवत नाही धड."

तेवढ्यात खांद्यावर जाळं घेऊन मनिष अंगणात आला. तृप्तीला पाहून थबकला, जाळं तिथंच टाकलं आणि वैनगंगेकडे परत फिरला. रेवताबाईनं हाक मारली. त्यानं मागं पाहिलं नाही.