ऑपरेशनाचं केळवण

शिरूरच्या दीक्षाचं ऑपरेशन ठरलं आणि अख्ख्या गल्लीनं ते लग्नासारखं अंगावर घेतलं.

सतरा वर्षांची पोर, पण वजन सव्वाशेच्या पुढं. एवढ्यातच शुगर, गुडघ्यांची कुरकुर, आणि बाकात मावत नाही म्हणून कॉलेज सुटलेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ठरवलं, पण आधी दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं, वजन उतरलं नाही तर ऑपरेशन नाही, अशी अट घातली. दीक्षाला कॉलेजात परत जायचं होतं, त्यामुळं ऑपरेशन काहीही करून हवं होतं.

गल्लीनं मात्र एवढंच ऐकलं की नंतर बिचारीला वाटीभर खाऊन उठावं लागणार. मग आत्ताच खाऊ दे की! आक्काबाई आत्यानं पहिलं केळवण केलं. रांगोळी, पुरणपोळी, वर तुपाची धार. दीक्षा विरघळली. सकाळी काटा वर गेलेला बघून ती मोरीत बसून रडली. तोवर आणखी घरांची आमंत्रणं आली होती. नाही म्हणावं तर माणसं रुसणार, जावं तर ऑपरेशन हातचं जाणार.

तिनं वडिलांना गाठलं. महेंद्र रांजणगावला वेल्डर, अंगानं पाप्याचं पितर.

"पप्पा, केळवणाला नवरीसंगं करवली असती ना? तिचाबी मान असतो?"

"व्हय. पण तुझी करवली कोण?"

दीक्षानं त्याच्याकडंच बोट केलं.

"आगं, मला मिशा हायत," महेंद्र म्हणाला.

पण गेला. घरोघर दीक्षा ताकाचा पेला घेऊन बसायची आणि शेजारची करवली दोन्ही ताटं चाटूनपुसून साफ करायची. मटण, शिकरण, गुलाबजाम, काही सोडलं नाही. बायकांची हसून मुरकुंडी वळायची. ज्ञानूमामानं तर करवलीसाठी गजरा आणला आणि महेंद्रनं तो मुकाट्यानं कानावर अडकवला. एकटी आक्काबाई तेवढी फुगली. "बापाला चारायला केळवण असतं व्हय?" म्हणाली आणि दीक्षाला निरोप द्यायलाही आली नाही.

हॉस्पिटलात दीक्षाचं वजन चांगलं सहा किलो उतरलेलं निघालं. डॉक्टर खूश झाले. मग त्यांची नजर महेंद्रच्या पँटच्या उघड्या बटणावर गेली.

"यांचं कधी करायचं?" त्यांनी विचारलं. दीक्षा हसत हसतच आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी दारात आक्काबाई उभी, हातात डबा. महेंद्र डबा अडवायला उठला, पण डब्यात सिस्टरला विचारून केलेलं मुगाचं गाळलेलं पाणी होतं. आत्या चमच्यानं भरवायला लागली. तीनचार चमचे झाले आणि दीक्षानं हात आडवा धरला.

"बास, आत्या. पोट भरलं."

आक्काबाईनं या पोरीला तान्ही असल्यापासून भरवलं होतं. तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. चमचा तसाच हातात धरून ती पदरानं डोळे पुसायला लागली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.



दीक्षानं पुन्हा म्हटलं.