झाकणावरचं नाव

पेशी वाढवायच्या दोन्ही डिशची झाकणं प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हातात एकदमच आली आणि कुठलं कुठल्या डिशचं, ते कळेना. नावं झाकणांवर होती, डिशच्या बुडाशी काहीच नव्हतं. "नाव बुडाला लिहा गं, झाकणांना पाय असतात," असं प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या बजावत. आज त्यांनीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

त्या दोन डिशमध्ये दोन सख्खे भाऊ होते. म्हणजे भावांच्या रक्तातून मूळपेशी तयार करून त्यांच्यापासून वाढवलेल्या, डोळ्याच्या पडद्यात असतात तशा बारीक रक्तवाहिन्या. दोघांचाही मधुमेह जुना, एकाच सुमाराचा. थोरल्याची नजर शाबूत. धाकट्याला समोरचा माणूस सावलीसारखा दिसे. हा चोरून गोड खातो, असं सगळं घर म्हणे. बायकोसुद्धा डबे वरच्या फळीवर ठेवी. डिशमध्ये मात्र दोघांना सारखीच साखर पाजली होती. तरीही धाकट्याच्याच वाहिन्या तुटल्या, तर दोष जिभेचा नव्हे, देहाचा, असं म्हणायला आधार मिळणार होता.

मायक्रोस्कोपखाली एक जाळं धडधाकट दिसत होतं. दुसऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"चिंध्या धाकट्याच्या. उघड आहे," डॉक्टर म्हणाले. "लावा झाकण. दोघं बाहेर बसलेत."

"उघडच होतं, तर इतके महिने आपण काय माशा मारत होतो?"

"अहो बाई, त्याचंच भलं होईल."

घोडं अडलं होतं ते तिथेच. कुणाचं वाईट व्हायचं असतं, तर बाईंनी केव्हाच ठाम नाही म्हटलं असतं.

बाहेर बाकावर थोरला धाकट्याची टिंगल करत होता. "पाय कशाला हलवतोस? चोराच्या मनात चांदणं!"

"दादा, आज तरी गप्प बस." धाकट्यानं पावलांच्या आवाजाकडे मान वळवली. "ताई, काय असेल ते सांगा. मी तयार आहे."

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं.

"एक जाळं तुटलंय. कुणाचं, ते आज सांगता येत नाही. झाकणं माझ्या हातून मिसळली. ओळख पटवायला नमुने पाठवतेय. तोवर तुटकं दोघांपैकी कुणाचंही समजा."

धाकट्याचा चेहरा उतरला. बोलणी खायच्या तयारीनं बाई उभ्या राहिल्या. पण बोलला थोरला, आणि तोही भलत्याच आवाजात.

"कुणाचंही म्हणजे... माझंही?"

"असू शकतं."

त्यानं चष्मा काढला, पुसला. पुन्हा पुसला. "परवापासून डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतायत. काच मळली असेल म्हणून पुसतोय नुसता."

"घरी सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? चोर तर दुसराच ठरलाय आमच्याकडे."

मग धाकटा उठला आणि चाचपडत त्यानं भावाचा दंड पकडला.

"चल. खाली डोळ्यांचा विभाग अजून उघडा असेल. मला रस्ता पाठ आहे."

"अरे, पण तुझं—"

"माझं थांबेल. ताई, नमुने सावकाश पाठवा." दोन पावलं टाकून तो थबकला. "आणि दादा, खिशातल्या त्या गोड गोळ्या आधी फेक. महिनाभर कागद वाजतोय. मला दिसत नाही, ऐकू येतं."