दोन इंच खोटं बोलणारी टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिवणकामाची, पिवळ्या कापडाची, दोन्ही टोकांना पितळी पट्टी असलेली. माझ्या अंगावर साठ इंच लिहिलेत, पण नव्या टेपेशेजारी धरलंत तर मी बासष्ट भरते. थोडक्यात, मी खोटी आहे. हे मी मान खाली घालून सांगत नाहीये. का, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडाच्या लांबच लांब पट्टीवर रंग चढला, आकडे उमटले, कात्री लागली आणि मी गुंडाळी होऊन दुकानात आले. तिथून एका शिवणाऱ्या बाईनं मला उचललं. सगळी मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. तिच्या दुकानात एक मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि दाराशी एक स्टूल. माझी जागा तिच्या गळ्यात.

पंधरा वर्षं मी मापं घेतली. मोठ्या माणसांचं माप घेण्यात काही गंमत नसते. ती पोट आत ओढतात आणि कपडा घट्ट झाला की मावशीवर रागावतात. मुलांचं तसं नाही. त्यांना गुदगुल्या होतात, आणि दर वर्षी तेच मूल नव्यानं मोजावं लागतं. मावशी मुलांच्या पँटला खाली दोन बोटं कापड आत दुमडून ठेवायची. पोर वाढलं की ते उसवायचं. "कपड्यानं मुलाची वाट बघायची असते," असं ती म्हणायची. तिचा स्वतःचा मुलगा तर असा उंच सुटला होता की सगळे त्याला 'उंट' म्हणत. उंची वाढायची थांबेना, आणि अंगाला पाहावं तर हँगरवरचा सदरा बरा.

या ओढाताणीत मी ताणली गेले. कापडी टेपेचं असंच होतं. पण ते कुणाला कळलंच नाही, कारण मावशी माप माझ्यानं घ्यायची आणि कापडही माझ्यावरच आखायची. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडा अगदी बरोबर बसायचा. मग एकदा शाळेच्या गणवेशांचं काम आलं. मापं गुरुजींनी त्यांच्या टेपेनं घेऊन पाठवली, कापड मात्र माझ्यावर कापलं गेलं. सगळे शर्ट ढगळ झाले. बेकरीवाल्याची मुलगी भिंगरी आपला शर्ट फडकवत दुकानात आली.

"मावशी, यात मी आणि उंट दोघं मावू. वर एक पाव ठेवायला जागा उरेल."

चूक कुठे झाली ते तिनंच शोधलं. गुरुजींची टेप आणली, मला तिच्याशेजारी टेबलावर पसरलं आणि खो खो हसली. "बघा, माणसं म्हातारपणी आकसतात, ही म्हातारी लांबलीय."

मावशीनं नवी टेप आणली. माझी रवानगी खणात, सुट्या बटणांखाली. विसाव्या आकड्यावर पूर्वी कधीतरी शाईचा डाग पडला होता, त्यावर धूळ बसली. माझं आयुष्य संपलं, असं मी धरून चालले.

पुढच्या वर्षी लढाई आमच्या रस्त्यापर्यंत आली. एका सकाळी शाळेत निघालेल्या भिंगरीला बंदूकवाल्यांनी गाडीत घातलं. ती बारा वर्षांची होती. बेकरीची भट्टी त्या दिवशी पेटली नाही.

तुम्ही विचाराल, लढायला मुलं कशाला लागतात? मित्रांनो, मूल कमी खातं, दरडावलं की ऐकतं, आणि पळून जावंसं वाटलं तरी घरचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. म्हणून.

चार महिन्यांनी ती माणसं थेट शाळेत आली. म्होरक्यानं अकरा मुलांना भिंतीशी उभं केलं आणि आपला नियम सांगितला. पंचावन्न इंच भरेल ते मूल त्यांचं. त्याहून बुटक्याच्या खांद्यावरची बंदूक जमिनीला घासते. नेलेल्या मुलांचे गणवेशही शिवायचे होते, म्हणून मावशीला निरोप गेला, टेप घेऊन ये.

नवी टेप तिच्या गळ्यातच होती. ती तिनं काढून खुंटीला लावली. उंट साडेपंचावन्न इंच होता, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं खण उघडला, बटणांखालून मला ओढलं आणि पुटपुटली, "आज जरा खोटं बोल गं बाई."

मी बोलले. उंट माझ्यावर पावणेचोपन्न भरला. त्याच्यामागचा साडेबावन्न, मग साडेत्रेपन्न, मग पन्नास. एकही मूल पंचावन्नला शिवलं नाही.

"या शाळेत सगळी बुटकीच कशी?" म्होरक्यानं विचारलं.

"चार महिने रस्ते तुम्हीच अडवलेत. नुसत्या पाण्यावर झाडं वाढतात, पोरं नाही," मावशी म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं दाराकडे हात केला. तिथे बंदूक घेऊन एक मुलगी उभी होती. केस कापलेले, डोळे स्थिर. ती भिंगरी होती.

"ही परवा छावणीत बरोबर पंचावन्न भरली. हिला मोज. फरक निघाला तर तुझी खैर नाही."

मावशीनं तिच्या पायांकडे पाहिलं. "बूट काढायला सांगू?"

"नको. तिथेही बुटांसकटच मोजलीय."

भिंगरी भिंतीशी येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. विसाव्या आकड्यावरचा शाईचा डाग पाहिला. लांबलेल्या म्हातारीला तिनं ओळखलं, हे मला कळलं.

मावशी गुडघ्यांवर बसली आणि माझं एक टोक तिच्या बुटाशी दाबून धरलं. बूट मोठ्या माणसाचे होते, पार पोटरीपर्यंत, आणि इतके ढगळ की आत आणखी एक पाय मावला असता. बूट जागचे हलले नाहीत. पण आत, कुणाला दिसणार नाही अशा टाचा हळूहळू वर उचलल्या गेल्या. थांबल्या. पुन्हा केसभर वर. माझ्या कापडाला तिच्या पोटऱ्यांची थरथर जाणवत होती.

म्होरक्यानं स्वतः वाकून आकडा वाचला. पंचावन्न.

"ठीक आहे," तो म्हणाला. "टेप बरोबर आहे."

अकरा मुलं घरी गेली. बारावी गाडीत चढली.

त्या दिवसापासून मावशीनं मला खणात ठेवलं नाही. नव्या टेपेशेजारी खुंटीला लावलं. रोज संध्याकाळी बेकरीवाला दारात येऊन विचारायचा, "काही कळलं?" आणि मावशी म्हणायची, "कळेल." कधी नुसतं 'नाही' म्हणून तिनं त्याला पाठवलं नाही.

वर्षानं लढाई थांबली आणि मुलांना सोडवणाऱ्या माणसांनी भिंगरीला घरी आणलं. पण शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. हिच्या हातात बंदूक होती, असं आयाबाया कुजबुजत. तेव्हा उंट दप्तर घेऊन तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "सरक की जरा. अख्खा बाक काय तुझ्या बेकरीचा आहे?"

ती सरकली.

मग मावशीनं तिला गणवेशासाठी दुकानात बोलावलं आणि खुंटीवरून मला काढलं.

"नवी टेप आहे ना तुमच्याकडे," भिंगरी म्हणाली.

"तुझं माप हीच घेणार, आणि कापडही हिच्यावरच आखणार. चुकायचं नाही."

भिंगरी भिंतीशी उभी राहिली. पायात साध्या चपला होत्या. मावशी गुडघ्यांवर बसली, माझं टोक जमिनीला लावलं आणि थांबली. त्या मुलीच्या टाचा वर उचललेल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं.

मावशीनं दोन्ही हातांनी तिचे पाय धरले.

"टाचा टेकव, बाळ. आता कुणाला उंच दिसायचं नाहीये. जेवढी आहेस तेवढीच मोजू."

बराच वेळ लागला. आधी एक टाच टेकली, मग दुसरी. त्यानंतर भिंगरी रडली. चांगली मोठ्यानं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं रडावं तशी.

तिच्या स्कर्टला मावशीनं खाली तीन बोटं कापड दुमडून ठेवलंय. नेहमीपेक्षा एक बोट जास्त.

मित्रांनो, तुमच्या दाराच्या चौकटीवर कुणी पेन्सिलीनं तुमची उंची लिहीत असेल, तर ती रेघ जपा. मूल मोजायचं ते त्याला पुढच्या वर्षीचा कपडा शिवायला. दुसऱ्या कशासाठी कुणी टेप मागितली, तर मला सांगा. मी अजून दोन इंचांनी खोटी आहे.