मी उजवीकडे फिरलो, होडी डावीकडे गेली

मी एक जुने स्टिअरिंगचे चाक आहे. मित्रांनो, मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. आजवर ज्यांनी मला धरले, त्यांतल्या बहुतेकांनी रागाच्या भरात धरले आणि सोडले तेही चिडूनच.

लोखंडाच्या कडीवर काळे, कडक रबर चढवून एका कारखान्यात मला बनवले. तिथून मी एका बेकरीच्या गाडीत गेलो. सोळा वर्षे तिथे काढली. गाडीचा ड्रायव्हर रस्त्यावरच्या प्रत्येकाला शिव्या द्यायचा आणि हॉर्नसाठी माझ्या छातीवर बुक्के मारायचा. पण वळणावर मला दोन बोटांनी फिरवायचा आणि शेजारी बसलेल्याला सांगायचा, "लोण्यासारखं फिरतं बघ." मला मिळालेले कौतुक म्हणाल तर एवढेच. गाडी मोडीत निघाली आणि मी भंगारवाल्याकडे एका खिळ्याला लटकत राहिलो. तिथून एका सुताराने मला खांद्यात अडकवून घरी आणले.

सुताराच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे तो शेजारीच राहणाऱ्या आपल्या मोठ्या बहिणीसाठी होडी बनवत होता. या बहिणीला आपण ताईच म्हणू, कारण तो तिला तसेच म्हणायचा. ताईचे शिवणकामाचे दुकान तलावाच्या पलीकडच्या काठावर होते. रोज नेणारा नावाडी म्हातारा झाला होता आणि पुढच्या महिन्यापासून नाव बंद करणार होता. मग बसने तलावाला वळसा घालून जायचे, म्हणजे जाण्यायेण्यातच तीन तास मोडणार.

होडी सुताराची, पण इंजिन आणि स्टिअरिंग बसवायचे काम ताईच्या नवऱ्याने अंगावर घेतले. तो वायरमन होता. लग्नाला बावीस वर्षे झाली, तरी या मेहुण्या-भावोजींचे एक दिवस पटले नव्हते. कारण काय, तर सुताराने लग्नात दिलेल्या कपाटाला वायरमनने "डुगडुगतं" म्हटले होते. एवढेच.

पहिल्याच दिवशी वायरमनने ड्रिल काढले आणि होडीच्या पुढच्या फळीला आरपार भोक पाडले. सुतार धावत आला.

"भावोजी, ही फळी मी तीन दिवस घासलीय. विचारायचं तरी होतं!"

"फळी तुमची असेल. होडी वळणार ती माझ्या डोक्यानं."

"तेच तर भ्या वाटतंय."

त्या भोकात लोखंडी दांडा बसला. पुढच्या टोकाला मी, आणि मागच्या टोकाला वायरचे रिकामे लाकडी रीळ. रिळावर नायलॉनच्या दोरीचे चार वेढे. दोरीचे एक टोक होडीच्या उजव्या कडेने, दुसरे डाव्या कडेने, कप्प्यांवरून मागच्या इंजिनापर्यंत गेले. इंजिनाला पुढे एक लोखंडी दांडी होती. दोन्ही बाजूंनी दोऱ्या येऊन तिलाच बांधल्या. मला फिरवले की रीळ फिरणार, एक दोरी आवळणार, दुसरी सैल होणार आणि दांडी त्या बाजूला ओढली जाणार. युक्ती चांगली होती. खोट होती ती वेढ्यांच्या दिशेत.

वायरमनने मला उजवीकडे फिरवले. इंजिनाची दांडी उजवीकडे गेली. त्याने टाळी वाजवली.

ताई दारात उभी होती. म्हणाली, "अहो, हे उलटं नाही का होणार? आमचा नावाडी इंजिनाचा दांडा उजवीकडे लोटतो, तेव्हा नाव डावीकडे वळते. मी रोज बघते."

"तो हाताचा दांडा. हे स्टिअरिंग आहे."

"पण इंजिनाला काय कळतंय, हातानं लोटलं की दोरीनं ओढलं ते?"

"तू तुझ्या कपड्यांचं बघ."

ताईने भावाकडे पाहिले. सुतार रंधा साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, तू यात नाक खुपसू नकोस." बावीस वर्षांत त्या दोघांचे एकमत झाले असेल, तर ते तेवढेच. ताई आत निघून गेली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण चाकाला कोण विचारतो! जिला रोज बसायचे होते, तिलाच कुणी विचारत नव्हते.

रविवारी सकाळी होडी पाण्यात उतरली. वायरमन माझ्यापाशी बसला, सुतार मागे इंजिनापाशी, आणि धक्क्याला दोर बांधायचा म्हणून ताई सगळ्यांत पुढे. सुरुवातीला होडी सरळ गेली. थोड्या अंतरावर डाव्या हाताला जुन्या धक्क्याचा दगडी खांब पाण्यातून वर आलेला होता. वायरमनने सावधपणे मला उजवीकडे वळवले. होडी डावीकडे झुकली.

"भावोजी, उजवीकडे घ्या!"

"उजवीकडेच घेतोय!"

"डोळे आहेत का? खांब डावीकडे आहे!"

"मला शिकवू नका!"

आणि त्याने मला आणखी उजवीकडे पिळले. होडी आणखी डावीकडे गेली. सुताराच्या हाताखाली इंजिन होते. बटण दाबले असते तर ते बंद पडले असते. पण त्याचा हात भावोजींकडे बोट दाखवण्यात गुंतला होता. ताई ओरडली, "बंद करा रे!" आणि खांबाला अडवायला तिने उजवा हात पुढे केला. होडीचे नाक, ताईचे मनगट आणि दगड एकदमच भिडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दांड्यातून तो हादरा माझ्यापर्यंत आला.

ताईला दवाखान्यात नेतानाही दोघे भांडत होते. फळी कच्ची होती, असे एकाचे म्हणणे. दुसरा म्हणाला, चालवणाराच कच्चा. शेवटी वायरमनला तिसरा गुन्हेगार सापडला. "चाकातच खोट आहे. भंगारातून आणलं की असंच व्हायचं." नाकाला टवका उडालेली होडी शेडमध्ये परत आली, तेव्हा त्याने पान्याने मला उचकटले आणि तिथेच रंगाच्या डब्यांमागे भिरकावले. माझे रबर एका जागी फाटले. ती जखम अजून आहे.

मित्रांनो, मी तिथे पडून सगळे ऐकत होतो. ताईच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर. नाव बंद पडली. गिऱ्हाइके अर्धे शिवलेले कपडे परत घेऊन गेली. दोघा पुरुषांनी एकमेकांशी बोलणे टाकले. काही सांगायचे झाले, तर ताईमार्फत. "तुझ्या भावाला सांग, शिडी परत द्यावी." "तुझ्या नवऱ्याला सांग, शिडी माझीच आहे." एके दिवशी ती म्हणाली, "मी काय टपाल आहे?" आणि निरोप पोचवणे बंद केले.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती शेडमध्ये आली. डबे सरकवून मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि पान्याने पुन्हा दांड्यावर आवळले. कुठली दोरी कुठून येते ते तिने आधी कपड्यावर खुणा करायच्या खडूने फळीवर लिहिले. मग रिळावरचे वेढे सोडले आणि उलट्या दिशेने घातले. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून दोरीचे टोक दातांत धरले. दोनदा सगळे सुटले. दुसऱ्यांदा ती मटकन खाली बसली आणि मी आजवर ड्रायव्हरच्या तोंडून ऐकली नव्हती अशी शिवी तिने दोघांना मिळून दिली. मग उठून तिसऱ्यांदा बांधले. मला उजवीकडे फिरवले. इंजिनाची दांडी डावीकडे गेली. तिने नुसती मान हलवली.

प्लास्टर निघाल्यावर तिने इंजिन दुरुस्त करणाऱ्याकडून वेग कमी-जास्त करायची तार लांबवून माझ्याशेजारी आणली. होडी काठाला दोराने बांधून दोन दिवस उजवी-डावी वळवून पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी कापडाचे गाठोडे घेऊन ती निघाली, तेव्हा दोघेही धक्क्यावर हजर.

"ताई, थांब, मी येतो बरोबर."

"तुम्ही कशाला? मी आहे की. शेवटी दुरुस्ती माझ्याच पद्धतीनं झाली."

"कुणाच्या? रीळ तेच, दोरी तीच—"

"तेच म्हणतोय! रीळ माझं होतं!"

ताईने काठाचा दोर सोडला. "दोघं भांडून झालात की बसनं या," ती म्हणाली, आणि इंजिन सुरू केले. ते भांडत असताना आम्ही खांबाला वळसा घालून पुढे गेलो. तिने मला उजवीकडे वळवले आणि होडी उजवीकडे गेली.

मला त्या दोघांचा राग आहे आणि तो जाणार नाही. ताईचे मनगट थंडीत दुखते, तेव्हा ती मला डाव्या हाताने फिरवते. म्हणून मुलांनो, मला तेलपाणी करा, ऊन-पावसात झाका, हे तर सांगतोच. पण कुठलेही चाक बसवाल, तेव्हा ज्याला रोज त्यामागे बसायचे आहे त्याला आधी विचारा. तो "उलटं आहे" म्हणाला, तर हातातला पाना खाली ठेवा आणि ऐकून घ्या.