मळईवरची खुंटी

"पान्यातलं गाव, त्येला न्हाई वेस,
वाऱ्याहाती धाडी आस लेक माझी..."

जामखेडला जात्यावर दीनामावशी हे गायची, तेव्हा लहानग्या दयाला प्रश्न पडायचा, पाण्यातलं गाव बुडत कसं नाही? आता शेहेचाळीस साली ती स्वतःच गोदावरीतल्या एका बेटावर शिक्षिका होऊन आली होती. माणसं पार नेणाऱ्या गनीभाईने तिला गूळ शिजवायच्या लोखंडी काहिलीत बसवून पार आणलं. सारा वेळ तिचे डोळे गच्च मिटलेले. त्याने विचारलं तर म्हणाली, "प्रार्थना करत होते."

बेट नांगराच्या फाळासारखं लांबुळकं. वरचं टोक प्रवाहाला छाती देऊन उभं, खालचं पाण्यात विरघळत गेलेलं. आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही इथे पूर यायचा.

"पाऊस नाशकाकडचा," राहीबाई सांगायची. "आमाला नुस्ता त्येचा सांगावा येतो."

दया विचारतच राहायची. धुकं आधी कुठे उतरतं? वारा फिरला की बगळे कुठे जातात?

राहीबाई वरलीकडची, म्हणजे बेटाच्या वरच्या टोकाची. "खालची मानसं आमच्या मातीवर जगत्यात," ती म्हणे.

खाललीकडचा सहादेव हसे. "वरच्यांना त्यांचीच माती कंटाळलीया, बाई. दर साली पळून आमच्याकडं येती!"

यंदा पूर ओसरला आणि बेटाच्या कुशीला नवी मळई वर आली. गाळाची काळी, लोण्यासारखी जमीन. काकड्या, कलिंगडं लावायची होती. पण वाटणीआधी कुणी तिथे पाय टाकत नसे. रीत अशी, की बेटावर सगळ्यांत शेवटी आलेल्या माणसाने वरल्या-खालल्यांच्या वाट्यांमधली खुंटी रोवायची. तो अजून कुणाचाच झालेला नसतो.

सकाळी सगळं बेट काठाला जमलं. काठ आणि मळई यांच्यामध्ये गुडघाभर पाणी सळसळत होतं. दया खुंटी घेऊन उभी राहिली. उभीच राहिली.

"बाई, राहीबाईच्या तोंडाकडं काय बघताय?" सहादेव म्हणाला.

"माज्याकडं कशाला बघंल? काल तुज्याच घरची भाकर खाल्लीय तिनं!"

"मग पाय का अडला? फितवलंय तुमी! आमची पोरं उद्यापासून साळंत न्हाई येनार."

"आमची तरी कुटं येनारैत?"

दयाने काठावरच्या पोरांकडे पाहिलं. महिनाभर वरली पोरं एका सतरंजीवर, खालली दुसरीवर बसायची. कालच कुठे एका गोष्टीच्या नादात ती सरकत सरकत मिसळली होती.

तिने पायाचं बोट बुडवलं. पाण्याने ते ओढल्यासारखं केलं. पाय मागे आला.

"बगा, बगा! मागं सरली!"

"कुणी फितवलं नाही मला," दया म्हणाली. "आमच्या जामखेडला पाणी घागरीत मावतं, सहादेवदादा. हे असलं चालतं पाणी... मला भीती वाटते त्याची. आल्या दिवसापासून वाटते."